पेठेतली शनिवारची खोली: नोकरी आणि घर नीट सोडायला शिकवणारी सेवा

पुण्यात लग्न जुळवणारी मंडळं पेठापेठांत आहेत. नोकरी मिळवून देणारे सल्लागार तर हिंजवडीपासून हडपसरपर्यंत बोर्ड लावून बसलेत. पण अंगावर आलेली नोकरी कशी सोडायची, किंवा जिथे राहणं धोक्याचं झालंय ते घर कसं सोडायचं, हे समोर बसवून शिकवणारी जागा मला एकच माहीत आहे. दर शनिवारी सकाळी दहा ते एक, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. मी आधी माझ्या नोकरीसाठी गेले आणि पुढे काही महिन्यांनी मावसबहिणीला तिच्या लग्नाच्या प्रश्नासाठी घेऊन गेले. त्यामुळे या सेवेच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

नाव आणि पत्ता लिहीत नाही. दाराला पाटी नाही, आणि ती विचार करूनच लावलेली नाही. तिथे येणाऱ्या काही बायका घरी ‘तुळशीबागेत जाऊन येते’ असं सांगून आलेल्या असतात. नवऱ्याने नाव शोधलं आणि पत्ता सापडला असं व्हायला नको, म्हणून सगळं तोंडोतोंडी चालतं. मला आमच्याच कंपनीतून आधी सोडून गेलेल्या क्वालिटी विभागातल्या बाईंनी पाठवलं. ज्यांना असं कोणी सांगणारं भेटणार नाही त्यांच्यासाठी सरकारी दारं कोणती, तेही पुढे लिहिलंय.

तिथे तिघं बसतात. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले पर्सोनेल मॅनेजर, त्यांना सगळे सर म्हणतात. कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या एक वकीलबाई. आणि एक समुपदेशक मॅडम, वयाने माझ्याएवढ्याच, फार कमी बोलणाऱ्या. पहिल्या भेटीला पैसे घेत नाहीत. नंतर दर भेटीचे तीनशे रुपये, पावती देतात, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागत नाहीत. नंबर लावावा लागतो. चहा मिळतो.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये मी स्टोअर्स इन्चार्ज होते. साठ-सत्तर माणसं, दोन पाळ्या. मोठे मालक जुन्या वळणाचे, मला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणणारे. मुलाने कारभार हातात घेतल्यावर चित्र बदललं. रात्री अकराला फोन, सगळ्यांसमोर ‘अक्कल आहे का तुला’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे महिनाअखेरीला माल गेटवर यायच्या आधीच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा आग्रह. मी नाही म्हटलं तर माझ्या लॉगिनने दुसरं कोणीतरी एंट्री करायचं. माल नाही, चलन नाही आणि कागदावर आलेल्या मालाखाली माझं नाव. ओरडणं मी सहन करत होते. या गोष्टीने माझी झोप गेली. सकाळी बसमध्ये बसलं की डोकं दुखायला सुरुवात व्हायची आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, थांबायचं.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ‘अहो, असं सगळीकडेच असतं’ म्हटलं नाही. सोडा किंवा सोडू नका, हेही म्हणाले नाहीत. नेमणूकपत्र मागितलं आणि नोटिशीचा कलम बोटाने दाखवला: एक महिना, दोन्ही बाजूंनी. मग मी घरून लिहून नेलेला राजीनामा वाचला. दोन पानं होती. त्यांनी ती घडी करून पाकिटात घातली, वर तारीख घातली आणि मला परत दिली. म्हणाले, ‘यातलं सगळं खरं आहे, जपून ठेवा. पण राजीनाम्यात हे लिहायचं नसतं.’ तिथेच बसून माझ्याकडून चार ओळींचा राजीनामा लिहून घेतला. पद, राजीनामा देते आहे, शेवटचा दिवस अमुक, हँडओव्हर कोणाला द्यायचा ते कळवावं. ईमेलने पाठवायचा आणि छापील प्रतीवर पोच घ्यायची, सही-शिक्क्यासकट. जीआरएनची गोष्ट वेगळ्या ईमेलमध्ये, एकही विशेषण न वापरता: अमुक तारखांच्या एंट्र्या माझ्या लॉगिनने झाल्या आहेत, त्या मी केलेल्या नाहीत, प्रत्यक्ष माल अमुक तारखेला आला. हा ईमेल राजीनाम्याच्या आधी जायला हवा, असं त्यांनी बजावलं. नंतर गेला तर सूड म्हणून लिहिला असं म्हणता येतं.

यानंतर जे झालं त्यासाठी मी या सेवेला दहापैकी दहा देईन. सरांनी खुर्ची फिरवली आणि म्हणाले, ‘आता मी तुमचा मालक. या, सांगा मला.’

मी सुरू केलं, ‘सर, गेले काही महिने माझी तब्येत बरी नसते…’

‘मग रजा घ्या की आठ दिवस. अकरा वर्षं इथलं मीठ खाल्लंत, आता ऑडिट तोंडावर आलंय आणि तुम्ही निघालात?’

खोटा मालक असूनही माझ्या पोटात कालवलं. मी खुलासे देत गेले आणि प्रत्येक खुलाशाला त्यांच्याकडे उत्तर होतं. मग ते मालकाच्या आवाजातून बाहेर आले आणि शांतपणे समजावलं, की कारण सांगितलं की त्याच्यावर बोलणी सुरू होतात. तब्येत म्हटलं की रजा मिळते, पगार म्हटला की हजार-दोन हजार वाढतात, मुलगा ओरडतो म्हटलं की ‘मी त्याला समज देतो’ येतं, आणि माणूस राहून जातो. निर्णय झालेला असेल तर निर्णयच सांगायचा. ‘मी राजीनामा देते आहे, माझा शेवटचा दिवस अमुक तारीख.’ मिठाचा विषय निघाला तर वाद घालायचा नाही, मान हलवायची आणि विचारायचं, ‘हँडओव्हर कोणाला देऊ?’

ते वाक्य त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. आवाज चढला की थांबवायचे, रडवेला झाला की थांबवायचे. प्रत्यक्षात मोठ्या मालकांनी जवळजवळ तेच बोलून दाखवलं, मिठासकट. मी विचारलं, हँडओव्हर कोणाला देऊ. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी अकाउंट्सच्या माणसाला आत बोलावलं. एवढंच झालं. इतकी वर्षं ज्या प्रसंगाची धास्ती होती तो पाच मिनिटांत संपला.

हँडओव्हरबद्दल मला वाटायचं की ते तर माझंच काम, ते मला कोण शिकवणार. पण सरांचा अनुभव मोठा. स्टोअर्सचा माणूस गेल्यावर वर्षभराने तूट निघते आणि ती गेलेल्याच्या नावावर टाकली जाते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून नुसती चावी देऊन निघायचं नाही. प्रत्येक रॅकची प्रत्यक्ष मोजणी, बिन कार्ड (रॅकवरचं मालाच्या नोंदीचं कार्ड) आणि सिस्टीममधला आकडा शेजारी शेजारी, फरक असेल तर तो त्याच कागदावर लिहायचा, लपवायचा नाही. कार्बाइड इन्सर्टसारख्या लहान आणि महाग वस्तूंची वेगळी यादी. मापं तपासायची गेजेस कोणाच्या नावावर दिलेत ते रजिस्टर. आणि जॉबवर्कला, म्हणजे प्रक्रियेसाठी दुसऱ्या कारखान्यात, गेलेला माल, प्लेटिंगला काय आहे, हीट ट्रीटमेंटला काय आहे, चलन नंबर आणि तारखेसह. जीएसटीच्या नियमाने जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, त्यामुळे जुनी चलनं आपण सोडताना उघडी राहिली तर पुढे प्रश्न आपल्याकडेच येतो. या सगळ्यावर तीन सह्या: देणारा, घेणारा आणि अकाउंट्स. एक प्रत आपली. कंपनीचा कुठलाही डेटा पेन ड्राइव्हवर घ्यायचा नाही, हेही तितक्याच कडकपणे सांगितलं. आपलं काय ते घ्यायचं: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर.

पैशाच्या बाबतीत सरांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, हे आमच्या शॉप फ्लोअरवर निम्म्या लोकांना माहीत नाही. त्यांना वाटतं, काढून टाकलं किंवा रिटायर झालं तरच. सूत्र सरळ आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. माझी दहा वर्षं आठ महिने झाली होती. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे अकरा. २४,००० रुपयांवर हिशोब १,५२,३०७ रुपये होतो. तेव्हा ‘फॉर्म आय’ या नमुन्यात लेखी मागणी करायची आणि मालकाने तीस दिवसांत ग्रॅच्युइटी द्यायची, असं होतं. मी सोडलं तेव्हा १९७२ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात हे सूत्र कायम आहे पण वेतनाची व्याख्या बदलली आहे. शिवाय वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायची तरतूद आली आहे. आता सोडणाऱ्याने हे दोन्ही मुद्दे विचारून घ्यावेत.

पीएफचं म्हणाल तर माझा विचार सगळा काढून घ्यायचा होता. सरांनी पेन्शनचा रकाना दाखवला. पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो, तो माझ्या पदरात पडलेला होता. नवीन नोकरीत खातं ट्रान्स्फर करायचं, बस. सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण टाकता येते, हेही मला तिथेच कळलं. हे ज्याला माहीत नसतं तो त्या एका तारखेसाठी जुन्या मालकाच्या दारात उभा राहतो.

सरांची एक मर्यादा आहे. त्यांचं जग कारखान्याचं. माझ्याच पुढे हिंजवडीच्या आयटी कंपनीतला एक मुलगा बसला होता, कंपनीने बाँड आणि ‘स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ असा कलम घातलेला, त्यावर सर अडखळले. वकीलबाई आतून उठून आल्या आणि त्याला समजावलं, की नोकरी सोडल्यानंतर पोटापाण्याचं काम करायला मनाई करणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सहसा टिकत नाही, पण ठरावीक मुदत न भरता सोडल्यास भरपाई देण्याचा करार ही वेगळी गोष्ट आहे, २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तसा करार उचलून धरला. ते कागद नीट वाचल्याशिवाय राजीनामा टाकू नको. माहिती चोख होती. पण आयटीतल्या मुलांसाठी त्यांनी त्या क्षेत्रातलं कोणीतरी जोडून घ्यायला हवं.

आणि हे सगळं मला कसं कळलं, तर बाहेरच्या खोलीत बसून ऐकू आलं म्हणून. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. मध्ये फक्त लाकडी पडदी आहे. नोकरीच्या गोष्टी ऐकू आल्या तर एक वेळ चालेल, घरातल्या मारहाणीच्या नकोत. मी हे त्यांना सांगितलं, तेव्हापासून मॅडम मागच्या माजघरात बसतात, तरी रडण्याचा आवाज येतोच.

आता धाकटीचं. माझी मावसबहीण पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. नवरा तिचा फोन तपासायचा, एटीएम कार्ड त्याच्याकडे, लॅबमधून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तीन फोन. मग हात उचलायला लागला. तिने मला सांगितलं तेव्हा तिचं म्हणणं होतं, ‘ताई, आपण बैठक बसवू. मामा येतील, त्याचे काका येतील, सगळ्यांसमोर सांगू की मी महिनाअखेरीला जाणार आहे.’ आमच्याकडे हीच रीत आहे. चार वडीलधारे सतरंजीवर बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, पुन्हा असं होणार नाही असं कबूल करून घेतात आणि जेवून उठतात.

मॅडमनी तिला आत घेतलं. मी सोबत बसू का, हे त्यांनी मला नाही, तिला विचारलं. ती हो म्हणाली. मॅडमचा पहिला प्रश्न होता, ‘त्याने कधी गळा दाबलाय का?’ धाकटी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘एकदा.’ मला हे माहीत नव्हतं. गळा दाबणं हे पुढे जिवावर बेतू शकतं याचं फार गंभीर लक्षण मानतात, आणि बाई सोडून जाते आहे हे कळल्यानंतरचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हे मॅडमनी तिला न घाबरवता, सरळ शब्दांत सांगितलं. मग म्हणाल्या, ‘नोकरी सोडताना नोटीस देतात. मारणाऱ्याला नोटीस द्यायची नसते. बैठक बसवलीस तर तू त्याला तारीख सांगितल्यासारखं होईल.’

मी तोवर दोन्ही गोष्टी एकच धरत होते. सरांनी मला तोंडावर सांगायला, वेळेत सांगायला, हिशोब देऊन निघायला शिकवलं होतं आणि मी तेच धाकटीला सांगत होते. तिथे बसून मला कळलं की मी नोकरीत जे केलं ते करता आलं, कारण माझा मालक फार तर ओरडला असता. समोरचा माणूस काय करू शकतो, यावर सोडण्याची रीत ठरते. ही एक गोष्ट ओळखणारी माणसं त्या खोलीत एकत्र बसतात, एकाच दाराने आलेल्या दोघींना वेगवेगळ्या टेबलांवर पाठवतात, म्हणून मला ही सेवा इतकी मोलाची वाटते.

पुढचं सगळं गुपचूप आणि क्रमाने झालं. पगाराचं नवीन खातं, दुसऱ्या बँकेत, पत्ता माझ्या घरचा. फोनमधलं लोकेशन कोणाकोणाला दिसतं ते लॅबमधल्या मैत्रिणीच्या फोनवरून तपासून घेतलं, पण लगेच बंद केलं नाही, निघायच्या दिवशी केलं, कारण आधी बंद केलं असतं तर त्याला संशय आला असता. कागद एकदम हलवायचे नाहीत. मार्कशीट, मुलीचा जन्मदाखला, आधार, पॅन, पासबुक, असं एकेक करून डब्याच्या पिशवीतून माझ्याकडे आलं. दागिन्यांचे फोटो काढले. लग्नात तिला मिळालेलं ते तिचं स्त्रीधन, ते मागायचा हक्क तिचाच. दवाखान्याचे कागद जपले. नवऱ्याची पहिली पाळी असलेला दिवस निवडला. आणि ती मावशीकडे गेली नाही, कारण तो पहिल्यांदा तिथेच जाणार हे उघड होतं. तो गेलाही.

वकीलबाईंनी तिची एक भीती घालवली, ती लिहायलाच हवी, कारण असंख्य बायका या एका भीतीने राहतात: ‘घर सोडलं की घरावरचा हक्क जातो, मूल जातं.’ कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि जीव वाचवायला बाहेर पडली म्हणून तिची बाजू कमजोर होत नाही. न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा, राहण्याचा, मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा, पैशाचा आदेश देऊ शकतात. संरक्षण अधिकारी असतो, तो घटनेचा अहवाल भरून घेतो. मुलीला मागे ठेवून निघायचं नाही, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. वकिलाच्या फीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी स्वतःचं कार्ड काढलं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे सांगितलं आणि शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. स्वतःची फी सोडून असं सांगणारा माणूस मला फार कमी वेळा भेटलाय.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर काय होतं, काय बोलायचं याची तयारी मॅडमनी करून घेतली. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. धाकटीचं प्रकरण अजून तिथपर्यंत पोचलेलं नाही. ती सध्या मुलीच्या शाळेच्या जवळ भाड्याने राहते. नवऱ्याशी बोलणं फक्त मुलीबद्दल आणि फक्त लेखी. रात्री त्याचे माफीचे मेसेज येतात. मॅडमनी सांगितलं होतं की येतील, आणि कधी कधी ते मनापासूनही असतील, तरी उत्तर द्यायची घाई करू नकोस. असे मेसेज आले की आधी ती मला फोन करायची. हल्ली करत नाही.

जिथे मारहाण नाही, धाक नाही, नातं फक्त आतून संपलंय, अशांसाठी मॅडम महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवून बोलतात. साखरपुडा मोडायचा असलेली मुलं-मुली येतात, भागीदारीतून बाहेर पडायचं असलेला एक दुकानदारही होता. मी एकदा बसले. समोर भेटून सांगा, मेसेजवर नको. सणाच्या आदल्या दिवशी नको. चुकांचा पाढा वाचू नका. ‘बघू, काही दिवसांनी’ असं म्हणून समोरच्याला लटकत ठेवू नका, त्याने त्याचं नुकसान वाढतं. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे: तुमचं कारण समोरच्याला पटलंच पाहिजे अशी अट घालू नका, कारण त्या अटीपायी वर्षं जातात.

ज्यांना या खोलीपर्यंत येता येणार नाही त्यांनी थांबून राहू नये. आत्ता धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. महिलांच्या मदतीसाठी पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. आणि मन थकलं असेल, झोप उडाली असेल तर टेली मानसचा १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. माझ्या नोटिशीच्या महिन्यात, झोप येत नव्हती तेव्हा, मी त्यावर फोन केला होता आणि पलीकडच्या मुलीने घाई न करता ऐकून घेतलं.

उणिवा आणखी दोन. जिना अंधारा आणि उभा आहे, दोर धरून चढावं लागतं. गुडघे धरलेल्या सासू-आयांना ते जमत नाही, आणि त्यांच्यातल्याही काहींना या सल्ल्याची गरज असते. दुसरी गोष्ट वाराची. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवार आमच्याकडे कामाचा दिवस. मला दर वेळी अर्धी रजा टाकून मनपाला जाणारी बस पकडावी लागली आणि त्या अर्ध्या रजेवरूनही ऐकून घ्यावं लागलं. ज्यांची रोजची हजेरी कापली जाते त्या हेल्पर आणि ऑपरेटर लोकांना तर हे परवडणारच नाही, आणि सरांच्या त्या चार ओळींची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे. मी हे सरांना सांगितलंय. गुरुवारी भोसरीतच एखादी खोली मिळाली तर यायची त्यांची तयारी आहे, खोली शोधायचं काम मी घेतलंय. लांडेवाडी किंवा इंद्रायणीनगरच्या बाजूला, तळमजल्यावर, गुरुवारी सकाळी तीन तास कोणाला देता आली तर हवी आहे. स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या लोकांचे हँडओव्हरचे कागद तपासून द्यायला मी स्वतः बसेन.